वापसा, पाणी आणि सावली : मराठवाड्यातील मुक्कामासाठी गाडी आणि सामानाची निवड

मराठवाड्यात गाडी घेऊन उघड्यावर मुक्कामाला जायचे असेल, तर पहिला खर्च टायरवर, दुसरा पाण्याच्या कॅनवर आणि तिसरा सावलीवर करावा. बाकीचे सामान पुढच्या वर्षी घेतले तरी चालते. चार हिवाळे परभणीहून महिन्यातून किमान एकदा बाहेर पडल्यानंतर मी या मतावर आलो आहे. येलदरी जलाशयाचा काठ, माहूरच्या वाटेवरचे माळ, कन्नड तालुक्यातील डोंगरांचा पायथा आणि बालाघाटातील ओळखीच्या लोकांची शेते, असे आमचे मुक्काम असतात. सोबत पत्नी असते आणि कधीकधी तिचा धाकटा भाऊ. या काळात वापरलेल्या गाडीचे आणि सामानाचे हे परीक्षण आहे. यातील प्रत्येक वस्तू आम्ही पैसे देऊन घेतली आहे.

आमची गाडी महिंद्राची बोलेरो आहे. दीड लिटरचे डिझेल इंजिन, शिडीसारखी भक्कम चौकट आणि ताकद फक्त मागच्या चाकांना. चारही चाकांना ताकद देणारी गाडी नसेल तर आडवाटेला जाऊच नये, असा सल्ला मला अनेकांनी दिला होता. चार वर्षांनंतर माझे मत असे आहे की, ऑक्टोबरअखेर ते मार्च या काळात, जमीन सुकलेली असताना, आपल्याकडच्या शेतरस्त्यांना आणि माळांना बोलेरोची उंची आणि टणकपणा पुरतो. शिवाय बिघाड झालाच, तर तालुक्याच्या गावीच नव्हे, तर मोठ्या बाजारगावातही तिचा मिस्त्री आणि सुटे भाग मिळतात. मुक्कामाच्या गाडीचा हा गुण माहितीपत्रकात छापलेला नसतो, पण मी त्याला सर्वांत वरचे स्थान देतो.

ज्यांना चारही चाकांची ताकद हवीच आहे, त्यांनी महिंद्राची थार, मारुतीची जिम्नी आणि फोर्सची गुरखा या तिन्ही गाड्या पाहाव्यात. गुरख्यात पुढच्या आणि मागच्या दोन्ही डिफरन्शियलला, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या यंत्रणेला, हाताने लावायचे लॉक मिळते, त्यामुळे एक चाक हवेत अधांतरी राहिले तरी दुसऱ्या चाकाची ताकद वाया जात नाही. २०२३ साली बाजारात आलेली पाच दारांची जिम्नी वजनाला हलकी असल्यामुळे मऊ जमिनीवर तिला फायदा होतो. मात्र तिचे स्वतःचे वजन सुमारे १२०० किलो आणि भरलेल्या अवस्थेत परवानगी असलेले एकूण वजन १५४५ किलो आहे. म्हणजे चालक, सोबती, पाणी, तंबू आणि छतावरचे सगळे मिळून साधारण ३४० किलोंत बसवावे लागते. चार धडधाकट माणसे बसली की सामानासाठी फारसे उरत नाही. दोघांसाठी ती गाडी मला योग्य वाटते, चौघांसाठी नाही.

पण ओल्या काळ्या मातीपुढे या तुलनेला काही अर्थ राहत नाही. मराठवाड्याची भारी जमीन पाऊस पडल्यावर टायरच्या खाचांत अशी घट्ट भरते की, दहा पावले गेल्यावर टायर गुळगुळीत लाटण्यासारखा दिसू लागतो. पुढे तीच माती मडगार्डच्या आत साचून चाक फिरणेसुद्धा अवघड करते. तेथे चार चाकांना ताकद असेल, तर एवढेच होते की दोनऐवजी चार खड्डे पडतात. शेतकरी पावसानंतर जमीन कामाला योग्य होण्याची वाट पाहतो, त्या अवस्थेला वापसा म्हणतात, आणि गाडीसाठीही तोच नियम आहे. पहिल्या वर्षी दिवाळीनंतर जिंतूर तालुक्यात एका पांदीच्या, म्हणजे शेतवाटेच्या, तोंडाशी आम्ही गाडी उभी केली होती. दोन दिवसांपूर्वी पाऊस येऊन गेला होता आणि वरून माती सुकल्यासारखी दिसत होती. बैलजोडी घेऊन चाललेल्या एका आजोबांनी खाली वाकून मूठभर माती उचलली, दाबली आणि तिचा गोळा माझ्यासमोर धरला. "पाव्हणं, आज नका घालू गाडी. वापसा यायला अजून दोन दिस लागतील." आम्ही माघारी फिरलो. तेव्हापासून मीही मूठ भरून पाहतो. माती मुठीत भुगा होऊन सुटली तर जातो. गोळा झाली तर डांबरी रस्त्याच्या कडेला मुरमाड जागा शोधतो.

याहून फसवी जागा म्हणजे जलाशयाचा ओसरलेला काठ. पाणी मागे सरकल्यावर उघड्या पडलेल्या गाळावर लोक गाळपेर करतात, आणि ज्या पट्ट्यात पेरणी झालेली नसते तो वरून भेगाळलेला आणि कडक दिसतो. येलदरीच्या काठी एका जानेवारीत मी त्या पापुद्र्यावर विश्वास ठेवून गाडी पंचवीस-तीस फूट आत नेली आणि मागची चाके निम्म्यापर्यंत खाली गेली. दोष संपूर्ण माझा होता. तेथे जे उपयोगी पडले ते क्रमाने सांगतो : आधी टायरमधील हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवली, मग चाकांपुढची माती फावड्याने उपसली, आणि शेजारच्या शेतातून विचारून आणलेल्या तुराट्यांच्या पेंढ्या चाकाखाली दाबल्या. गाडी हलली, पण बाहेर आली ती ट्रॅक्टरनेच. रुतलेल्या चाकाखाली घालायचे प्लॅस्टिकचे खाचेदार तक्ते तेव्हा माझ्याकडे नव्हते, नंतर घेतले. वाळूत ते उत्तम काम देतात. चिकणमातीत मात्र ते मातीने माखतात आणि दर वेळी खरवडून घ्यावे लागतात, त्यामुळे फक्त आपल्या भागात फिरणाऱ्याने एवढा खर्च करावाच असे मी म्हणणार नाही. फावडे आणि चांगला ओढदोर मात्र गाडीत असलाच पाहिजे. दोर कंपनीने दिलेल्या हुकालाच बांधावा, बंपरला कधीही नाही. आणि ओढताना दोराच्या रेषेत कोणालाही उभे राहू देऊ नये, कारण ताणलेला दोर किंवा हूक तुटून आला तर जीव जाऊ शकतो. ट्रॅक्टरवाल्याकडे बहुतेक वेळा साखळी असते. तिच्यापेक्षा नायलॉनचा रुंद पट्टा बरा, कारण तो झटका थोडा सोसून घेतो.

टायरविषयी आणखी थोडे. मूळचे रस्त्यासाठीचे टायर झिजल्यावर मी त्याच मापाचे, २१५/७५ आर १५, सर्व प्रकारच्या जमिनीवर चालणारे म्हणजे एटी टायर बसवले. मोठ्या मापाचा मोह दुकानदाराने दाखवला होता, परंतु त्यामुळे वेगदर्शक चुकतो, इंजिनावर ताण येतो आणि गाडी मूळ नोंदणीपेक्षा वेगळी ठरते. एटी टायरचा खरा लाभ मला चिखलात मिळाला नाही. तो मुरमावर, गोट्यांवर आणि काट्यांवर मिळाला. वेड्या बाभळीचा काटा हा आपल्याकडच्या आडवाटेचा खरा शत्रू आहे. तो टायरमध्ये शिरून मोडतो आणि हवा रात्रभर हळूहळू जात राहते, त्यामुळे सकाळी उठल्यावरच कळते. जाड रबरामुळे असे पंक्चर आमच्याकडे स्पष्ट कमी झाले. रस्त्यावर आवाज वाढला आणि डिझेलही थोडे जास्त लागते, हे मान्य केले पाहिजे. सोबत ट्यूबलेस दुरुस्तीचा संच आणि हवा भरण्याचा छोटा कॉम्प्रेसर ठेवावा. कॉम्प्रेसर थेट बॅटरीला चिमट्यांनी जोडायचा घ्यावा, कारण मोठा कॉम्प्रेसर सिगारेट लायटरच्या सॉकेटवर लावला की फ्यूज उडतो. काटा दिसला म्हणून लगेच उपटू नये. दुरुस्तीची पट्टी हातात तयार असेल तेव्हाच उपटावा. बाजूच्या भिंतीत शिरलेल्या काट्याला मात्र जागेवर इलाज नाही, म्हणून प्रवासाला निघण्यापूर्वी स्टेपनीची हवा तपासावी.

सामान ठेवण्याच्या व्यवस्थेवर मी सर्वांत जास्त पैसे वाया घालवले. परदेशी चित्रे पाहून सुताराकडून १८ मिलिमीटर प्लायवूडचे ओढखण, म्हणजे ड्रॉवर, करून घेतले होते. दिसायला ते फार सुंदर होते. एकदा कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर ओळखीने गाडी चढवली, आधी भरलेली आणि दुसऱ्या दिवशी रिकामी, आणि फरक ३१० किलोंचा निघाला. त्यात आम्ही दोघे नव्हतो. घरी येऊन एकेक वस्तू तोलली, तेव्हा कळले की नुसते ओढखण, त्याच्या सरकपट्ट्या आणि बिजागऱ्या मिळून ७० किलोंच्या वर आहेत. ते काढून टाकले. आता परभणीच्या बाजारात करून घेतलेल्या दोन पत्र्याच्या पेट्या आहेत, एक स्वयंपाकाची आणि एक अवजारांची. त्या रॅचेटच्या पट्ट्यांनी जमिनीवरील कड्यांना आवळलेल्या असतात. पेटीचे झाकण हाच ओटा होतो. धूळ आत जात नाही, उंदीर शिरत नाही, आणि मुक्कामी पेटी उचलून झाडाखाली नेता येते, जे ओढखणाला कधीच शक्य नव्हते. वाचकांनी लाकडी बांधणी करण्यापूर्वी एकदा वजनकाटा गाठावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. मागच्या घडीच्या सीट मी उचलून ठेवतो, काढत नाही, कारण आसनसंख्या नोंदणीपुस्तकात लिहिलेली असते. मूळ रचनेत बदल करण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आड येते आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ रचनेला छेद देणारे बदल अमान्य ठरवले आहेत. पुढे लावायच्या लोखंडी गार्डवर तर डिसेंबर २०१७ पासून केंद्राची बंदी आहे, तरी ती दुकानांत टांगलेली दिसतात.

छतावरच्या तंबूबद्दल मला अनेक जण विचारतात. मी एका मित्राच्या गाडीवर दोन रात्री त्यात झोपलो आहे. झोप उत्तम लागते, जमीन ओली असो की खडकाळ असो, फरक पडत नाही. पण पन्नास-साठ किलो वजन गाडीच्या डोक्यावर कायम राहते, वळणावर ते जाणवते, आणि संध्याकाळी गावात दूध आणायला जायचे म्हटले तरी घर मोडावे लागते. किंमतही बरीच आहे. आमच्यासाठी तो नाही.

जमिनीवरचा तंबू निवडताना लोक पाणीरोधकतेचा आकडा पाहतात, म्हणजे कापड किती मिलिमीटर पाण्याचा दाब सोसते तो. माझ्या पहिल्या तंबूवर, ज्याच्या कंपनीचे नाव येथे देत नाही, ३००० मिलिमीटर असे ठळक छापले होते. फेब्रुवारीत अवकाळी पाऊस आला आणि कापड कोरडे राहून शिवणीतून पाणी ठिबकले, कारण आतून शिवणीवर पट्टी चिकटवलेलीच नव्हती. तेव्हापासून दुकानात तंबू उलटा करून शिवणी बोटाने चाचपल्याशिवाय मी घेत नाही. सध्याचा आमचा तंबू डेकॅथलॉनच्या क्वेचुआचा, तीन माणसांचा, दोन कापडांचा आहे; दोघांना आणि दोन पिशव्यांना तो ऐसपैस होतो. तंबूवर लिहिलेल्या माणसांतून एक वजा करावा, हा हिशेब सगळीकडे लागू पडतो. तळ शिवलेला असलाच पाहिजे. नुसत्या ताडपत्रीच्या पालात झोपण्याचा आग्रह धरणाऱ्यांना मी मण्यार सापाची आठवण देतो : तो रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो आणि दंश इतका बारीक असतो की अनेकांना कळतही नाही. तंबूची चेन संध्याकाळपासून बंद ठेवावी, बूट घालण्यापूर्वी झटकावेत, आणि दंशाची शंका आली तरी सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

तंबूसोबत येणाऱ्या मेखा कोणत्याही कंपनीच्या असोत, आपल्या जमिनीला पुरत नाहीत. हिवाळ्यात काळी माती भेगाळते आणि बारीक मेख त्या भेगेत सैल राहते. मुरमावर तीच मेख वाकते. गावच्या लोहाराकडून मी १० मिलिमीटरच्या सळईच्या सोळा मेखा करून घेतल्या. प्रत्येक दीड फूट लांब, एक टोक भात्यात तापवून अणकुचीदार केलेले आणि दुसरे दोरी अडकण्यासाठी वळवलेले. त्याने पहिली मेख करून माझ्या हातात दिली, दुकानासमोरच्या कडक जमिनीत ठोकून पाहायला लावले, वळण थोडे उघडे वाटले म्हणून पुन्हा तापवून आवळले आणि मगच उरलेल्या पंधरा केल्या. तीन वर्षांत एकही वाकलेली नाही. वजन जास्त आहे, पण गाडीतून नेणाऱ्याला ते परवडते.

अंथरूण-पांघरुणाविषयी थोडक्यात. परभणीच्या कृषी विद्यापीठात काही हिवाळ्यांत ५ अंशांच्या खाली नोंदी झालेल्या आहेत, त्यामुळे आपल्याकडे थंडी नसते असे समजून जाऊ नये. स्लीपिंग बॅगवर दोन आकडे असतात. त्यांतील आरामाचा आकडा पाहावा, टोकाच्या मर्यादेचा नाही. आराम ५ अंशांचा असला की पुरे. त्याहून महत्त्वाचे आहे ते खालचे अंथरूण, कारण अंगाची ऊब जमीनच जास्त खेचते. आम्ही फोमच्या चटईवर घोंगडी घालतो. डिसेंबरात हुरड्यासाठी एका शेतात मुक्काम केला होता, तेव्हा आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, झोपणाऱ्या मालकाने तीच रचना कडब्यावर घोंगडी अंथरून केलेली होती, आणि पहाटे दोघांनाही सारखीच ऊब होती.

पाण्याचा हिशेब मी सर्वांत काटेकोरपणे करतो. पिणे, स्वयंपाक आणि भांडी मिळून हिवाळ्यात माणशी दिवसाला ७ लिटर आणि मार्चमध्ये १० लिटर धरतो. हिवाळ्यात दोघांच्या दोन दिवसांना एक दिवसाची जादा भर घालून साधारण ४० लिटर होतात. ते २० लिटरच्या दोन घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये असते, मधल्या सीटच्या मागे, खाली, एकमेकांना बांधून. एकच मोठी टाकी घेऊ नये : ती फुटली तर सगळेच जाते, आणि अर्धी झाली की पाणी आत हिंदकळून वळणावर गाडी ओढते. गावात पाणी मिळेल, या भरवशावर निघणे मला पटत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ज्या गावात बायका टँकरची वाट पाहत उभ्या आहेत, तेथे पाहुण्याने भांडी धुण्यासाठी कॅन पुढे करणे योग्य नव्हे. दुसरे कारण आरोग्याचे आहे. मराठवाड्यातील काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड असते, आणि ते उकळल्याने किंवा साध्या गाळणीने जात नाही. थंड पाण्यासाठी १२ व्होल्टचा फ्रिज घेण्याचा विचार आम्ही केला आणि सोडला. कॅनव्हासची छागल, म्हणजे पाण्याची पिशवी, गाडीच्या सावलीकडच्या बाजूला टांगली की आपल्या कोरड्या हवेत तासाभरात पाणी गार होते. तिला बॅटरी लागत नाही.

सावलीसाठी रोपवाटिकेत वापरतात ती हिरवी शेडनेट, ७५ टक्के ऊन अडवणारी, गाडीच्या कॅरिअरपासून दोन बांबूंपर्यंत ताणतो. ताडपत्रीखाली हवा कोंडते आणि वाऱ्यात ती शिडासारखी फुगते. शेडनेटमधून वारा निघून जातो. तंबू झाडाच्या सावलीत असला तरी त्यावर ती दीड हात अंतर ठेवून धरली, तर दुपारी आत बसता येते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ च्या पुढे गेल्यावर मात्र मी मुक्काम करत नाही, आणि कोणाला करण्यास सांगणारही नाही.

स्वयंपाकासाठी ५ किलोंचा छोटा सिलिंडर आणि एका बर्नरची शेगडी आहे. ब्यूटेनचे डबे सोयीचे वाटतात, पण त्यांच्यावर ५० अंशांच्या वर ठेवू नये असे छापलेले असते आणि उन्हात बंद गाडी तेवढी तापते. तंबूच्या आत काहीही पेटवू नये, निखाऱ्याची शेगडीही नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

जागेबद्दल एवढेच सांगायचे आहे की, गौताळा किंवा अन्य कोणत्याही अभयारण्यात परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही आणि आग पेटवणे तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. शेतात राहायचे असेल तर मालकाला विचारावे आणि गावच्या पोलीस पाटलाला कळवावे. आम्हाला आजवर एकदाही नकार मिळालेला नाही. मार्चमध्ये ढग दाटले, विजा सुरू झाल्या, तर तंबू तसाच सोडून गाडीत बसावे आणि काचा बंद कराव्यात. एकट्या झाडाखाली थांबू नये. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे सांगावे लागणार नाही.

यंदा आमच्या यादीत एकच नवी खरेदी आहे : आणखी एक ओढदोर. पहिला येलदरीच्या त्या ट्रॅक्टरवाल्याकडे आम्ही ठेवून आलो, कारण त्याची साखळी गंजून एका कडीत चिरली होती आणि त्याच काठावर दर हिवाळ्यात कोणाची ना कोणाची गाडी रुतते, असे तो म्हणाला.